सुपर फंडातून खर्च टाकताना: फंडाने भरायचं काय, करातून वजा करायचं काय

ऑस्ट्रेलियात स्वतःचा सुपर (निवृत्तीच्या बचतीचा) फंड चालवणाऱ्यांच्या, म्हणजे एसएमएसएफ (सेल्फ-मॅनेज्ड सुपर फंड) वाल्यांच्या, डोक्यात दोन प्रश्नांचा हमखास गोंधळ होतो. पहिला: हा खर्च फंडाच्या पैशातून करता येतो का? दुसरा: तो फंडाच्या उत्पन्नातून वजा होतो का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी येऊ शकतात. फंड उभारायचा खर्च फंडाने दिला तर चालतो, पण वजा होत नाही. तुमच्या गाडीचा विमा फंडाने भरलेलाच चालत नाही, मग वजावटीची गोष्टच सोडा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९९३ च्या सुपरॲन्युएशन कायद्यात मिळतं, दुसऱ्याचं १९९७ च्या आयकर कायद्यात. पहिलं चुकलं तर दंड होतो. दुसरं चुकलं तर कर वाढतो. म्हणून क्रम कायम हाच ठेवा.

भारतातल्या एनपीएसची सवय असलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. तिथे पैसे सांभाळणारा फंड मॅनेजर दुसरा असतो आणि त्याचं शुल्क परस्पर कापलं जातं. एसएमएसएफमध्ये सभासद हेच ट्रस्टी (फंड सांभाळणारे विश्वस्त), किंवा ट्रस्टी कंपनीचे संचालक. बिल तुमच्याच हातात येतं, ते कुठल्या खात्यातून भरायचं हे तुम्हीच ठरवता आणि ठरवण्यात चूक झाली तर ऑडिटरला उत्तरही तुम्हालाच द्यावं लागतं.

आधी पैशाचं प्रमाण

जमा-टप्प्यात, म्हणजे सभासद अजून पेन्शन घेत नसताना, नियम पाळणाऱ्या फंडाला १५ टक्के कर लागतो. म्हणजे ७०० डॉलरची ऑडिट फी पूर्ण वजा झाली तरी करात १०५ डॉलर वाचतात. उरलेले ५९५ तुमच्या म्हातारपणाच्या पैशातूनच गेले. ‘वजा होतंय ना, मग घ्या’ हा पगारदाराच्या रिटर्नमधला हिशोब इथे उपयोगाचा नाही. उलट बाजूने पाहिलं तर फंडाचा खरा खर्च खिशातून भरून तो स्वतःच्या रिटर्नमध्ये ३७ टक्क्यांनी वजा करण्याचा मोह होतो. तेही चालत नाही. खर्च ज्याचा, वजावट त्याची.

फंडाने काय भरावं

सुपरॲन्युएशन कायद्याच्या ६२व्या कलमाची अट अशी की फंड फक्त सभासदांच्या निवृत्तीसाठी, किंवा मृत्यूनंतर त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी चालला पाहिजे. खर्चही ह्याच मापाने तपासायचा. फंडच नसता तर हा खर्च झाला असता का? झाला असता, तर तो तुमचा घरखर्च आहे.

बिनधोक खर्च हे: हिशेबनीसाची फी, टॅक्स रिटर्नची फी, दरवर्षीचं सक्तीचं ऑडिट, ॲक्च्युअरीचा (फंडाच्या उत्पन्नाचा किती भाग करमुक्त ते मोजून देणाऱ्या तज्ज्ञाचा) दाखला, एटीओची (ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याची) वार्षिक देखरेख-आकारणी, ट्रस्टी कंपनीचं असिककडे (कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) भरायचं वार्षिक शुल्क, बँकेचं शुल्क, गुंतवणूक सल्लागाराची चालू फी, सभासदांचा जीवन व अपंगत्व विमा, आणि फंडाच्या मालमत्तेवरचे खर्च. देखरेख-आकारणी २५९ डॉलर आहे आणि ती रिटर्नबरोबरच भरली जाते. नव्या फंडाला पहिल्या रिटर्नमध्ये दोन वर्षांची एकदम, ५१८ डॉलर भरावी लागते. पहिल्या वर्षी आकडा दुप्पट दिसला म्हणून घाबरू नका.

असिकच्या शुल्काला एक अट आहे. ट्रस्टी कंपनी फक्त फंडाची ट्रस्टी म्हणूनच काम करत असेल तर ते शुल्क फंडाचा खर्च ठरतं, आणि अशा कंपनीला शुल्कही बरंच कमी लागतं. तीच कंपनी तुमचं दुकान किंवा कन्सल्टन्सीही चालवत असेल, तर ते बिल फंडाच्या माथी मारू नका.

न चालणाऱ्या खर्चांत सगळ्यात जास्त सापडतात ते घरचा इंटरनेट, मोबाइल आणि लॅपटॉप. ‘शेअर बघायला वापरतो’ हे कारण ऐकायला बरं वाटतं, पण बिल तुमच्या नावावर असतं, वापर घरभर असतो आणि फंडाचा वाटा किती ते सिद्ध होत नाही. तीस-चाळीस डॉलरच्या खर्चावर पाच-सहा डॉलर कर वाचवण्यासाठी ऑडिटरशी वाद घालायचा? फंडाच्या पैशात हा फंद नको.

स्वतःच्या श्रमाचे पैसेही घेता येत नाहीत. ट्रस्टी म्हणून केलेल्या कामाबद्दल मोबदला नाही, हे १७-अ कलम सांगतं. १७-ब मध्ये फट आहे, पण ती अरुंद आहे: ते काम ट्रस्टीपणाचं नसलं पाहिजे, त्यासाठी लागणारी पात्रता आणि परवाना तुमच्याकडे हवा, तीच सेवा तुम्ही बाहेरच्या लोकांना व्यवसाय म्हणून देत असला पाहिजेत आणि दर बाजारभावापेक्षा जास्त नको. परवानाधारक इलेक्ट्रिशियन ह्यात बसतो. ‘मी दर रविवारी पोर्टफोलिओ बघतो’ म्हणणारा बसत नाही.

चालत असूनही वजा न होणारे

फंड उभारायचा खर्च, म्हणजे ट्रस्ट डीड (फंडाचे नियम लिहिलेला दस्तऐवज), कंपनीची नोंदणी, सुरुवातीचा सल्ला, हा भांडवली खर्च. फंडाने दिला तरी चालतो, सभासदाने आधी दिला असेल तर फंड त्याची भरपाईही करू शकतो, पण वजावट नाही. पाच वर्षांत विभागून घेण्याची सवलत धंद्यासाठी असते. एसएमएसएफ धंदा करत नाही.

डीडमध्ये नंतर केलेला बदल मात्र वेगळा. कायदा बदलला म्हणून जुनं डीड त्याला जुळवून घेतलं, तर ती फी सहसा वजा होते. पण फंडाची रचनाच नव्याने उभारली, तर ती पुन्हा भांडवली. वकील आणि डीड पुरवणारे दोन्ही कामं एकाच बिलात ‘डीड अपडेट’ म्हणून लिहितात. कशासाठी बदल केला ते एका ओळीत बिलावर लिहून मागा. पुढच्या वर्षी ती ओळ उपयोगी पडते.

गुंतवणुकीच्या सल्ल्यातही हीच रेघ आहे. पहिला गुंतवणूक आराखडा भांडवली. असलेल्या गुंतवणुकीवर लक्ष ठेवणं, त्यांतलं प्रमाण बदलण्याचा सल्ला, ह्याची चालू फी वजा होते. त्याच बैठकीत सल्लागाराने तुमच्या घरकर्जाबद्दल आणि मृत्युपत्राबद्दलही बोललं असेल, तर तो भाग तुम्ही स्वतः भरायचा. दोन वेगळी बिलं मागा. एकच बिल आलं तर विभागणी कशी केली त्याचा कागद हवा.

शेअर घेताना लागणारी दलाली वजा होत नाही; ती खरेदी किमतीत मिळवायची आणि विकताना भांडवली नफ्यातून कमी होते. जागेवरच्या स्टॅम्प ड्युटीचंही तसंच. उशिरा रिटर्न भरल्याचा दंड कधीच वजा होत नाही. आणि जुने हिशेबनीस अजून चुकतात तो मुद्दा: एटीओ थकबाकीवर लावते ते सर्वसाधारण व्याज १ जुलै २०२५ पासून वजा करता येत नाही. त्याआधी येत होतं. त्या तारखेनंतर लागलेलं व्याज वेगळ्या ओळीत ठेवा.

विमा: पॉलिसीवर नाव कोणाचं?

फंडाने हप्ता भरायचा तर पॉलिसीचा मालक ट्रस्टीच हवा. तुमच्या वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता फंडाच्या खात्यातून गेला तर तो विमाखर्च ठरत नाही. फंडातून तुम्हाला दिलेली मदत ठरते. जीवन विम्याचा आणि ‘कुठलंही योग्य काम करता येणार नाही’ अशा कायम अपंगत्वाच्या विम्याचा हप्ता पूर्ण वजा होतो. ‘स्वतःचंच काम करता येणार नाही’ ह्या व्याख्येची पॉलिसी १ जुलै २०१४ नंतर फंडात नव्याने घेता येत नाही. त्याआधीपासून चालू असलेली, फक्त तेवढ्याच संरक्षणाची पॉलिसी असेल तर हप्त्याचे ६७ टक्के वजा होतात. गंभीर आजारावर एकरकमी पैसे देणारी ट्रॉमा पॉलिसीही त्याच तारखेपासून नव्याने बंद आहे. विमा एजंट ती ‘सुपरमधून घ्या’ म्हणत असेल तर एजंट बदला.

खिशातून भरलं, आता फंडाकडून घ्यायचं

खरी गडबड इथे होते, म्हणून जरा थांबून बघू.

फंडाचं बिल सभासदाने स्वतःच्या कार्डाने भरलं की दोनच गोष्टी होऊ शकतात. फंड ते पैसे लवकर परत करतो, तेव्हा ती भरपाई ठरते. परत करत नाही, तेव्हा सभासदाने फंडात तेवढी वर्गणी घातली असं धरलं जातं. टीआर २०१०/१ ह्या निर्णयात एटीओने ही भूमिका मांडली आहे. वर्गणी म्हटली की मर्यादा आली: २०२५-२६ साठी सवलतीच्या (कर भरण्याआधीच्या पैशातल्या) वर्गणीला ३०,००० डॉलर आणि बिगर-सवलतीच्या (कर भरून उरलेल्या पैशातल्या) वर्गणीला १,२०,००० डॉलर. पंच्याहत्तरी उलटलेल्या सभासदाचा प्रश्न तर आणखी बिकट. ज्या महिन्यात ७५ पूर्ण होतात तो महिना संपल्यावर २८ दिवसांनंतर त्याच्याकडून स्वेच्छेची वर्गणी घेताच येत नाही. अशा आजोबांनी ‘राहू दे, मी भरतो’ म्हणून अकाउंटंटची फी दिली आणि फंडाने ती परत केली नाही, तर फंडाने न घेण्यासारखी वर्गणी घेतली असं होतं. चांगुलपणा महागात पडतो तो असा.

भरपाई पाच महिने लोंबकळली तर ऑडिटर आणखी एक प्रश्न विचारतो: फंडाने सभासदाकडून उसने घेतले होते का? मोजक्या अपवादांशिवाय फंडाला कर्ज घेता येत नाही. म्हणून शक्यतो त्याच महिन्यात, आणि कसंही करून ३० जूनच्या आत, पैसे परत करा.

पद्धत अशी ठेवा. बिल मागतानाच नाव सांगा: ‘अमुक कंपनी, तमुक सुपर फंडाची ट्रस्टी म्हणून’. नुसतं तुमचं नाव असलेलं बिल फंडाचं आहे हे नंतर पटवत बसावं लागतं. मग स्वतःच्या खात्याच्या किंवा कार्डाच्या स्टेटमेंटमधली ती ओळ, तारखेसकट, वेगळी काढा. ट्रस्टींच्या ठरावात चार वाक्यं पुरतात: कुठला खर्च, कोणी भरला, किती तारखेला, फंडाने किती परत द्यायचे. त्यानंतर फंडाच्या खात्यातून बिलाइतकीच रक्कम सेंटसकट पाठवा. बिल ६३८.४० चं असेल तर ६३८.४०च. ‘सहाशे चाळीस करून टाकू’ असं करू नका, वरचे १.६० डॉलर बिनकारणाचे आहेत. चार महिन्यांची सात बिलं मिळून २,००० डॉलरचा गोल आकडा काढणं तर त्याहून वाईट. व्यवहाराच्या तपशिलात बिल क्रमांक टाका. बिल, स्टेटमेंट आणि ठराव एकाच फाइलमध्ये, भरपाईच्या तारखेच्या नावाने ठेवा. ठराव नंतर मागची तारीख टाकून लिहू नका. ईमेलच्या तारखा ते लपू देत नाहीत.

ह्या कटकटीपेक्षा सोपा उपाय म्हणजे फंडाच्या खात्याचं डेबिट कार्ड घेणं आणि बिलं थेट त्यातून भरणं. पण ते कार्ड घरच्या पाकिटात इतर कार्डांशेजारी ठेवू नका. किराणा दुकानात चुकून वापरलं गेलं तर रक्कम लहान असली तरी नियमभंग तोच. चूक झालीच तर त्याच दिवशी पैसे परत टाका, चूक काय झाली ते लिहून ठेवा आणि ऑडिटरला स्वतःहून सांगा.

ओळखीने स्वस्तात

आपल्याकडे काम ओळखीने स्वस्तात करून घेणं ही हुशारी मानतात. एसएमएसएफमध्ये ती महागात पडू शकते. फंडाने बाजारभावापेक्षा कमी खर्च केला तर त्यातून आलेल्या उत्पन्नावर ४५ टक्के कर लागू शकतो. कारण साधं आहे: स्वस्त सेवेच्या रूपाने फंडात गुपचूप पैसा घातला जाऊ नये.

खर्च कुठल्या प्रकारचा त्यावर परिणाम ठरतो. सर्वसाधारण खर्च, म्हणजे हिशेब, रिटर्न असे साऱ्या फंडाला लागू होणारे खर्च, ह्यांच्यासाठी २०२४ मध्ये कायदा सौम्य केला आणि तो २०१८-१९ पासून लागू धरला. आता बाजारभाव आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम ह्यांतल्या फरकाच्या दुपटीवर ४५ टक्के लागतात. तुमच्या भावाच्या फर्मने ४,००० डॉलरचं काम फुकट केलं, तर ८,००० डॉलरवर ४५ टक्के, म्हणजे ३,६०० डॉलर कर. ४,००० वाचवायला गेलात आणि ३,६०० भरून बसलात, शिवाय ४,००० ची वजावट गेली ती वेगळीच.

एखाद्या विशिष्ट मालमत्तेवरच्या खर्चाला ही सौम्यता नाही. ट्रस्टीच्या बांधकाम फर्मने फंडाच्या घराचं नूतनीकरण फुकट केलं, तर त्या घराचं सगळं भाडं आणि पुढे घर विकल्यावरचा भांडवली नफाही ४५ टक्क्यांत जाऊ शकतो.

मग स्वतः काहीच करायचं नाही का? करता येतं. ट्रस्टी म्हणून हिशेबाची वही स्वतः लिहिली, घराचं गवत कापलं, भिंतीला रंग लावला, तर हरकत नाही. रेघ कुठे ओलांडली जाते ते एटीओने एलसीआर २०२१/२ ह्या निर्णयात दिलं आहे: धंद्याची साधनं वापरली, धंद्याच्या परवान्याखाली काम केलं, धंद्याच्या विम्याचं छत्र त्या कामावर धरलं, तर ते काम ट्रस्टीपणाच्या बाहेर गेलं. इलेक्ट्रिशियनने बल्ब बदलला तर प्रश्न नाही. अख्ख्या घराचं वायरिंग बदलून परवान्याचा दाखला दिला तर बाजारभावाने बिल करा. फर्म आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना देते तीच नेहमीची सवलत तुम्हालाही दिली असेल, तर ती चालते; त्या धोरणाचा कागद मात्र ठेवा.

फंडाचं घर असेल तर

भाड्याने दिलेल्या घरावरची कौन्सिल रेट्स, पाणीपट्टी, स्ट्रॅटा फी (इमारतीच्या सामायिक देखभालीचा आकार), घरमालकाचा विमा, एजंटचं कमिशन आणि कर्जाचं व्याज नेहमीप्रमाणे वजा होतं. कर्ज उभारायचा खर्च १०० डॉलरपेक्षा जास्त असेल तर पाच वर्षांत किंवा कर्जाच्या मुदतीत, जे कमी असेल त्यात, विभागायचा. ३,००० डॉलरची कर्ज-फी म्हणजे पूर्ण वर्षाला ६००. पहिल्या वर्षी दिवसांच्या हिशोबाने कमी.

दुरुस्ती आणि सुधारणा ह्यांतला फरक इथे दुप्पट महत्त्वाचा, कारण तो कर्जाच्या नियमांशीही जोडलेला आहे. कुंपणाच्या मोडलेल्या चार फळ्या बदलल्या ती दुरुस्ती. अख्खं कुंपण नवं घातलं ते भांडवली. आणि घर घेतलं तेव्हाच छप्पर गळत होतं, ते भाडेकरू येण्याआधी नीट केलं, तर कामाचं स्वरूप दुरुस्तीचं असूनही ते भांडवली; खराब घराची किंमतच तेवढी कमी पडली होती. फंडाने कर्ज काढून घर घेतलं असेल तर कर्जाचा पैसा दुरुस्तीला वापरता येतो, सुधारणेला नाही. सुधारणा फंडाच्या इतर पैशातून करता येते, पण एका घराची दोन युनिटं करण्याइतकी मोठी नको.

राहत्या घरांच्या भाड्याबाबत १ जुलै २०१७ पासून दोन वजावटी बंद झाल्या आहेत आणि एसएमएसएफही त्यात येतो: घर पाहायला जाण्याचा प्रवासखर्च, आणि जुन्या घराबरोबर आलेल्या वापरलेल्या गालिचे-एसीसारख्या वस्तूंचा घसारा. ब्रिस्बेनचं घर बघायला मेलबर्नहून गेलात तर विमानाचं तिकीट वजा होत नाही. रिकाम्या जमिनीच्या सांभाळाचा खर्चही १ जुलै २०१९ पासून सहसा वजा होत नाही.

पुण्यात किंवा नाशकात फंडाच्या नावाने फ्लॅट घ्यावा आणि दरवर्षीची भारतवारी त्यात बसवावी, असा विचार कधीतरी सगळ्यांच्याच मनात येतो. वारी वजा होत नाहीच. त्याआधीची अडचण अशी की भारताच्या परकीय चलन कायद्यानुसार घर घेण्याची मुभा अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक व्यक्तीला आहे. ऑस्ट्रेलियन ट्रस्टी कंपनीला गुंतवणूक म्हणून तसं घर घेता येत नाही. आणि फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर घेतला तर फंडाची मालमत्ता वेगळी ठेवण्याचा नियम मोडतो. शिवाय फंडाच्या राहत्या घरात तुम्ही किंवा नातेवाईक एक रात्रही राहू शकत नाही, भाडं दिलं तरीही. आईवडिलांची सोय फंडाच्या घरात होणार नाही.

पेन्शन सुरू झाली की वजावट आटते

एक सभासद पेन्शन घेतोय, दुसरा अजून कमावतोय, अशा फंडात उत्पन्नाचा काही भाग करमुक्त होतो. करमुक्त उत्पन्नामागचा खर्च वजा होत नाही, म्हणून खर्च विभागावा लागतो. टीआर ९३/१७ मधली रीत एका उदाहरणाने पाहू.

फंडाचं गुंतवणुकीचं उत्पन्न ५०,०००. ॲक्च्युअरीच्या दाखल्याप्रमाणे ६० टक्के करमुक्त, म्हणजे ३०,०००. करपात्र उरले २०,०००. नोकरीतून आलेली करपात्र वर्गणी २०,०००. एकूण ७०,००० पैकी करपात्र ४०,०००, म्हणजे सातातले चार भाग. ७०० डॉलरच्या ऑडिट फीपैकी ४०० वजा, ३०० नाहीत. पण १,००० डॉलरची गुंतवणूक सल्ल्याची फी फक्त गुंतवणुकीच्या उत्पन्नाशी जोडलेली आहे. तिथे वर्गणी धरायची नाही, ४० टक्केच घ्यायचे, म्हणजे ४००. सगळ्या खर्चांना एकच टक्का लावणं ही इथली नेहमीची चूक, आणि ती बहुतेक वेळा तुमच्याच तोट्याची असते.

विम्याचे हप्ते आणि टॅक्स रिटर्नची फी ह्यांना वजावटीची स्वतंत्र कलमं आहेत, त्यामुळे ती अशी विभागावी लागत नाहीत. म्हणूनच अकाउंटंटला बिलात रिटर्नची फी आणि हिशेबाची फी वेगळ्या ओळींत लिहायला सांगा. ‘वार्षिक सेवा २,२००’ असं एकच वाक्य आलं तर वेगळी वजावट कशाच्या आधारावर घेणार? सगळेच सभासद वर्षभर पेन्शनवर असतील आणि वर्गणी येत नसेल, तर सर्वसाधारण खर्चातून काहीही वजा होत नाही. करच नाही, तर वजा कशातून करणार?

रिटर्नमध्ये नोंद

वार्षिक रिटर्नच्या सी विभागात, १२व्या कलमात, खर्चाला दोन स्तंभ आहेत: डावीकडे वजा होणारी रक्कम, उजवीकडे न होणारी. देशातलं व्याज ए१ मध्ये, सभासदांचा विमा एफ१, ऑडिटरची फी एच१, गुंतवणुकीचे खर्च आय१, कारभाराचे खर्च जे१, इतर एल१. वरच्या उदाहरणात ऑडिट फी एच१ मध्ये ४०० आणि एच२ मध्ये ३०० अशी जाते. उजवा स्तंभ पुष्कळ जण कोरा सोडतात. मग बँकेतून गेलेले पैसे आणि रिटर्नमधला खर्च जुळत नाही. जीएसटीसाठी नोंदलेला फंड असेल तर जीएसटीची जी रक्कम परत मिळवता येते ती काढून उरलेलाच खर्च इथे दाखवा.

ऑडिटरची नेमणूक रिटर्नच्या मुदतीच्या किमान ४५ दिवस आधी हवी. हिशेबाचे कागद पाच वर्षं, ठराव दहा वर्षं जपायचे. फंडातून सभासदाला पैसे उसने किंवा मदत म्हणून गेले तर ६५व्या कलमाखाली ६० दंड-एककं लागू शकतात. नोव्हेंबर २०२४ पासूनच्या ३३० डॉलर प्रति एकक दराने ते १९,८०० होतात. नवरा-बायको दोघंही वैयक्तिक ट्रस्टी असतील तर प्रत्येकाला वेगळा दंड. कंपनी ट्रस्टी असेल तर एकदाच. आणि हा दंड फंडातून भरता येत नाही, स्वतःच्या खिशातूनच भरावा लागतो. केवळ ह्या एका कारणासाठीही कंपनी ट्रस्टीचं वार्षिक शुल्क परवडतं.

फंड गुंडाळताना बँक खातं सगळ्यात शेवटी बंद करा. सगळी रक्कम दुसऱ्या सुपरमध्ये वळवून मोकळं झाल्यावर शेवटचं ऑडिट, शेवटचं रिटर्न आणि उरलेला कर ह्यांची बिलं येतात. ते पैसे सभासदाने भरले तर बंद होत असलेल्या फंडात नवी वर्गणी येऊन पडते. अकाउंटंटकडून त्या तिन्ही रकमांचा अंदाज आधी लेखी घ्या, तेवढे पैसे थोडी भर घालून खात्यात ठेवा, बिलं भागवा आणि उरलेले डॉलर मग वळवा.